साठखांबीचा राखणदार

१

येळवशीच्या दुपारी सोनकेरीत माणूस नसतं. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप उभी करायची, तिच्यात पाच पांडवांचे दगड चुना लावून मांडायचे, भज्जी-आंबिलीचा नैवेद्य दाखवायचा आणि बांधावरून येईल त्याला जेवायला बसवायचं. घरी राहतात त्या कोंबड्या आणि अंथरुणाला खिळलेली माणसं. १९४८च्या जानेवारीत आलेल्या येळवशीला मात्र एक धडधाकट माणूस मागे थांबला होता. ते माझे वडील, हणमंतराव, आमचे अप्पा.

गावाबाहेर साठखांबी आहे. ते चालुक्यांच्या काळातलं देऊळ. निजाम सरकारच्या पुराणवस्तू खात्याने तिच्या दाराशी उर्दू पाटी लावली होती आणि अप्पांना राखणदार नेमलं होतं. त्या वर्षी निजामाच्या आणि हिंदुस्थानच्या सरहद्दीवर दोन्ही बाजूंनी बंदुका फिरत होत्या. त्यातल्या एका टोळीने गावाकडे धान्य मागितलं, गावाने दिलं नाही. 'तुमच्या साठखांबीचे देव फोडून मातीत घालू,' असा टोळीचा निरोप आला. निरोपाला महिना होऊन गेला आणि लोक तो विसरून येळवशीच्या तयारीला लागले.

भर दुपारी शेतातून धूर दिसला. कुणाच्या तरी कोपीला विस्तव लागला असेल असं लोकांना वाटलं, कारण येळवशीला असं एखाद्या वर्षी होतंच. म्हणून कुणी घाई केली नाही. लोक पोचले तेव्हा टोळी घोड्यांवरून निघून गेली होती. देवळाचं दार जळत होतं, मंडपाचे खांब घणांनी फोडलेले होते आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर अप्पा पडले होते.

मी तेव्हा गुलबर्ग्याच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. तार मिळून मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. आई, सोजराबाई, भिंतीला टेकून बसली होती. तिने मला इतकंच सांगितलं, "अंघोळ घालताना हात बघितले त्यांचे. बोटं चुन्यानं खाल्ली होती पार."

मला त्यातलं काही कळलं नाही. तेवढ्यात चावडीचा माणूस निरोप घेऊन आला. बिदरहून आलेल्या, पुराणवस्तू खात्याच्या इन्स्पेक्टर साहेबांनी मला साठखांबीत बोलावलं होतं. जाताना तो मागे न बघता म्हणाला, "देव फोडलेच न्हाईत म्हणं, अक्का. देव आधीच गेले होते."

२

इन्स्पेक्टरांचं नाव फैयाजुद्दीन. अंगाने सडसडीत, पन्नाशीचे, जुन्या दगडांवर जीव असलेले गृहस्थ. ते माझ्याशी उर्दूत बोलत. इथे मी ते मराठीत लिहिते.

"तुमच्या वडिलांना मी बरीच वर्षं ओळखत होतो," ते म्हणाले. "म्हणून हे दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुम्हाला दाखवतो."

मंडपात ढिगारे पडले होते. ते एकेका ढिगाऱ्याशी थांबले. खांबांचे तुकडे होते, कमानींचे होते, सगळे करड्या दगडाचे. गाभाऱ्याभोवतीचे सातही कोनाडे रिकामे होते.

त्या कोनाड्यांतल्या मूर्ती मला पाठ होत्या. हातभर उंचीच्या, काळ्या पाषाणाच्या, पुढून कोरलेल्या आणि पाठीमागून आरशासारख्या घोटलेल्या. लहानपणी अप्पा मागून दिवा धरायचे आणि मी कोनाड्यात डोकं घालून मूर्तीच्या पाठीत माझं तोंड बघायचे.

"काळ्या दगडाची एक कपची दाखवा मला," साहेब म्हणाले.

मी वाकून शोधलं. खरंच नव्हती.

मग त्यांनी कोनाड्याची बैठक दाखवली. मूर्ती जिथे शिशाने बसवलेली होती तिथलं शिसं बारीक छिन्नीने कोरून काढलेलं होतं. कडा शाबूत होत्या. कीसही झाडून घेतलेला होता. टोळीचं हे काम नव्हे. ज्याला वेळ आहे, ज्याच्याकडे किल्ली आहे आणि ज्याला दगडाची काळजी आहे, त्याचं हे काम.

"किल्ली दोघांकडे असायची," साहेब म्हणाले. "तुमचे वडील आणि दस्तगीर. दस्तगीरच्या घरी छिन्नी सापडली. तिच्या धारेला शिसं आहे. तो हुलसूरच्या चौकीत आहे. गाव म्हणतं, हणमंतरावांनी मूर्ती सरकीवाल्या रामकिशनला विकल्या."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मला सोमवारी अहवाल पाठवायचा आहे. त्यात एक तर मूर्ती लागतील, नाही तर चोर."

मी कोनाड्यात हात घालून बैठकीवरून बोट फिरवलं. दगड गार होता. मूर्ती अप्पांनीच काढल्या, हे मला त्या क्षणी मान्य करावं लागलं. घरी परत येताना माझ्यापुढे एकच प्रश्न उरला होता. त्या गेल्या कुठे?

३

दस्तगीर माझ्यापेक्षा थोडा मोठा. साठखांबीची झाडलोट त्याच्याकडे होती. चौकीत तो गजांच्या मागे उकिडवा बसला होता. मी आणलेली भाकरी त्याने घेतली आणि माझ्या आईविषयी विचारलं, "अम्मा जेवायल्यात का?"

"थोडं थोडं. दस्तगीर, मूर्ती तुम्ही दोघांनी काढल्या."

तो भाकरी मोडत राहिला.

"कुणाला दिल्या?"

"मला काय म्हाईत न्हाई, अक्का."

"तुला सोमवारी बिदरच्या तुरुंगात नेतील."

"बिदर बघून लई दिवस झाले."

दाराशी उभा असलेला शिपाई हसला. दस्तगीर हसला नाही. त्याने एकदा शिपायाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि तोंडात घास घातला. चोराला आपली कातडी वाचवायची असती तर सगळं मेलेल्या माणसावर ढकलणं किती सोपं होतं. गाव अप्पांना अण्णा म्हणायचं; 'अण्णानं सांगितलं, मी केलं' एवढं म्हटलं की सुटला. हा ते म्हणत नव्हता. म्हणजे तो स्वतःला वाचवत नव्हता, दुसरंच काही तरी वाचवत होता.

हुलसूरच्या बाजारपेठेतच रामकिशनचं दुकान होतं. मी सरळ जाऊन त्याच्यासमोर बसले.

"तुम्ही येळवशीच्या आधी आमच्या गावातून गाडी नेलीत."

"नेली की. सरकी होती." तो चिडलेलाच होता. "आन् नाक्यावरच्या शिपायांनी पोत्यात सळया घालून घालून तिथंच सरकीचं तेल काढलं. एक एक पोतं उपसलं. त्यात देव आसते तर त्यांनी सोडलं आसतं व्हय? तुझ्या बापानं मला कवा दगड दावला बी न्हाई. लांबून हात जोडा म्हणायचा."

नाक्यावर मी विचारून पाहिलं. गाडी उपसली होती, हे खरं होतं. गावाबाहेर पडायला दुसरा गाडीरस्ता नाही, आणि नाक्यावर प्रत्येक गाडी अशीच उपसतात. मग सात मूर्ती गावाबाहेर गेल्याच नव्हत्या.

बैलगाडीत बसताना मला मागून कुणी तरी हाक मारली. आमच्या गावचे निंगप्पा पाटील होते. "बाई, उगं हिंडू नका," ते म्हणाले. "जेवढं उकराल तेवढी घाण वर येईल. बापाची झाली तेवढी शोभा पुरे."

मी त्यांना नमस्कार केला आणि गाडीवानाला घरी नव्हे, साठखांबीच्या मागच्या अंगाला चल म्हणाले.

४

देवळाच्या मागच्या दारापासून एक पाणंद शेतांकडे जाते. दोन्ही बाजूंना बांध, मधून अरुंद वाट. त्या पाणंदीवर लेंड्यांचा थर पडलेला होता आणि माती खुरांनी पार कुटली होती.

धनगर काशाप्पा पलीकडच्या माळावर होता. खांद्यावर घोंगडं, तोंडात तंबाखू.

"काशाप्पा, मेंढरं पाणंदीवर बसवली होतीस?"

"व्हय. येळवशीच्या आधी. चार-दोन रात्री."

"वावर सोडून वाटेवर?"

त्याने तंबाखू थुंकली आणि हसला. "म्या बी तेच म्हणलं. मेंढरं वावरात बसवत्यात, लेंडी रानाला पाहिजे. तर तुझा अप्पा म्हणला, काशाप्पा, पाणंदीवरच बसव. म्या म्हणलं, अण्णा, वाटंला पीक येतंय व्हय?"

"ते काय म्हणाले?"

"म्हणले, औंदा येईल."

त्याची बायको बाणूबाई चूल पेटवत होती. ती तिथूनच म्हणाली, "ह्यानं गावात सांगितलं आसतं तर लोक म्हणले आसते, राखणदाराचं डोकं फिरलंय. म्हणून म्या म्हणलं, गप बस."

"बरं केलंस," मी म्हणाले. "अजून थोडे दिवस गप्प बसा."

काशाप्पाने माझ्याकडे नीट पाहिलं. मग तो मेंढरांकडे वळला.

मी पाणंदीवर परत आले आणि उभी राहिले. ज्या वाटेवरून माणसं ओझं घेऊन गेली, त्या वाटेवर पावलं उमटतात. मऊ काळ्या मातीत तर जड ओझ्याची पावलं खोल जातात. ती पुसायला मेंढरांच्या कळपासारखं दुसरं काही नाही. गाडीरस्ता पुसायची गरज अप्पांना पडली नाही. त्यांनी पाणंद पुसली. मूर्ती शेतांत गेल्या होत्या.

पण शेतांत कुठे? पुरल्या असत्या तर ज्वारी उपटावी लागली असती, आणि आमच्याकडे उभ्या पिकात हातभर जागा मोडली तरी मालकाला बांधावरून दिसते. विहिरींवर दिवसभर मोट चालते. कडब्याच्या गंज्या जनावरांसाठी रोज उपसल्या जातात. शेतात अशी कोणती जागा आहे की जिथे वस्तू उघड्यावर असते, सगळे तिला बघतात आणि हात कुणी लावत नाही?

पाणंदीच्या टोकाला सिद्धव्वाचं शेत होतं. ती बांधावर बसून हरभरा खुडत होती. तिने मला हाक मारली.

५

"कामून उभारलीस गं उन्हात? ये, बस."

सिद्धव्वा आमची शेजारीण. दात गेलेले, जीभ शाबूत. तिने माझ्या ओंजळीत हरभऱ्याचे घाटे टाकले आणि म्हणाली, "तुझा बाप जाताना पुण्याचं काम करून गेला बग. औंदा आमच्या पांडवांला त्यानंच चुना लावला. येळवशीच्या आदल्या दिवशीच. म्हणला, सिद्धव्वा, तुझी कंबर धरलीय, मी लावतो. आसा लावलाय, आसा लावलाय, आमचा भीम पार माजल्यागत दिसायलाय."

"फक्त तुमच्याच पांडवांना?"

"सगळ्या पाणंदीच्या रानात लावला म्हणं. मानूस गेलं आन् गाव त्याला चोर म्हणायलंय. म्या न्हाई म्हणत."

मी उठून तिच्या कोपीत गेले. आमच्याकडे पांडवांचे दगड पिढ्यान् पिढ्या तेच असतात. ओबडधोबड शेतातले दगड. दर येळवशीला सकाळी त्या रानाचा धनी स्वतः चुना लावतो. वर्षानुवर्षांची पुटं एकावर एक चढून दगड खडबडीत झालेले असतात. तिथले चार तसेच होते. पाचव्याला, सिद्धव्वाच्या भीमाला, चुना धरलाच नव्हता. थंडीच्या वाऱ्याने त्याचे पापुद्रे सुटून खाली पडले होते. एका ठिकाणी रुपयाएवढी जागा उघडी पडली होती. मी गुडघ्यांवर बसून वाकले. त्या काळ्या जागेत मला माझा डोळा दिसला.

मी पदराने ती जागा झाकली आणि सिद्धव्वाला म्हणाले, "चुना पडायलाय. मी आईला घेऊन येते, परत लावून देतो."

"लावा माय. भीमाला कपडे तर पाहिजेतच की."

आईला मी शेतातच सगळं सांगितलं. ती खाली बसून चुना कालवत होती.

"टोळीचा निरोप आला तेव्हाच त्यांनी ठरवलं असणार. दस्तगीरने शिसं कोरलं. दोघांनी मूर्ती पाणंदीने नेल्या. रानारानात पांडवांचा एक दगड काढला आणि मूर्ती पालथी बसवली. म्हणून चुना दुसऱ्या कुणाला लावू दिला नाही. म्हणून बोटं खाल्ली गेली. दस्तगीर म्हणूनच बोलत नाही."

"मंग येळवशीला ते तिथं कशाला थांबले?" आई म्हणाली. तिचा आवाज वर गेला नाही. "देव रानात होते. ह्यांनी बी रानात यायचं होतं. आंबील ठिवली होती मी."

आईला आणायला जाताना ह्याच प्रश्नापाशी मीही पाणंदीवर थांबले होते.

"दार उघडं आणि देऊळ रिकामं दिसलं असतं, तर टोळी देव शोधायला कुठे गेली असती? त्या दिवशी सगळं गाव शेतात होतं. बायका, पोरं, सगळी कोपीत. ती सरळ रानात घुसली असती. दाराला कडी लावून राखणदार आडवा उभा राहिला की आत काही तरी आहे असं वाटतं. अप्पांनी टोळीला देवळात गुंतवून ठेवलं. आत गेल्यावर कोनाडे रिकामे बघून टोळीने अप्पांना विचारलं असणार. अप्पांनी सांगितलं नाही."

आई चुना ढवळत राहिली. मग तिने मूर्तीच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, "गुळगुळीतावर नुसता चुना थांबत न्हाई. आधी शेणकाला द्यायचा, वाळला की वरून चुना. आयुष्यात एक भिंत सारवली आसती तर कळलं आसतं ह्यांना."

आम्ही शेण आणलं. काम करता करता ती म्हणाली, "मंग सांग त्या सायबाला. तुझा बाप चोर न्हाई म्हणून."

"साहेब चांगले आहेत. पण अहवाल बिदरला जाईल, तिथे दहा माणसं वाचतील. टोळीचे सोबती कचेऱ्यांतून बसलेत. आठ दिवसांत घण घेऊन ते ह्या रानात येतील. आणि ज्यांच्या रानात मूर्ती निघतील त्यांनाही मारतील. सिद्धव्वाला काय माहीत आहे?"

"आन् न्हाई सांगितलं तर?"

"तर चोर लागेल."

मी गुलबर्ग्याहून आले ती एकच गोष्ट मनात धरून, अप्पांच्या नावावरचा डाग पुसायचा. पुसायला लागणारं सगळं आता माझ्या हातात होतं.

"दस्तगीर सुटंल का?" तिने विचारलं.

"एकाच्या नावावर सगळं घातलं तर सुटेल."

तिने शेणाचे हात कडब्याला पुसले. "मला गावात ऱ्हायचंय, तुला न्हाई," ती म्हणाली. "तरी बी सांगते. कर."

६

सोमवारी सकाळी आम्ही दोघी हुलसूरला गेलो. आई चौकीबाहेर लिंबाखाली बसली. आत साहेबांसमोर कोरा कागद होता.

"मूर्ती सापडल्या?" त्यांनी विचारलं.

"नाही. मला जबाब द्यायचा आहे."

त्यांनी टाक उचलला.

"माझ्या वडिलांनी मूर्ती काढल्या आणि विकल्या. कुणाला ते घरात कुणालाच माहीत नाही. दस्तगीरला त्यांनी शिसं कोरायला लावलं. मूर्ती दुरुस्तीसाठी बिदरला जाणार आहेत असं त्याला सांगितलं होतं. राखणदाराचा हुकूम म्हणून त्याने ते केलं."

टाक कागदावर टेकला नव्हता. बाहेर कुणी तरी घोड्याला पाणी पाजत होतं.

"सुशीलाबाई," ते म्हणाले, "मी तीन दिवस एकाच गोष्टीवर अडलो आहे. माल विकून झालेला चोर रिकाम्या देवळाला आतून कडी लावून का थांबेल? पळून जायला त्याला अख्खा दिवस मिळाला होता."

मी कोरा कागद त्यांच्याकडे सरकवला.

"तुमचा माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे. तुमचा कागद ज्या हातांतून जातो त्यांच्यावर नाही. तो प्रश्न कागदावर लिहू नका, एवढंच मागते."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग खिडकीतून लिंबाखाली बसलेल्या आईकडे पाहिलं.

"हे एकदा लिहिलं की माझ्या हातून खोडता येणार नाही. तुमच्या घरावर ते राहील."

"माहीत आहे."

"आईंना?"

"तिनेच सांगितलंय."

त्यांनी लिहायला घेतलं. अक्षर सुंदर होतं, उर्दूतलं माझ्या वडिलांचं नाव तर फारच सुंदर आलं. त्यांनी ते मला वाचून दाखवलं. 'राखणदार हणमंतराव याने लोभापोटी' इथे ते अडखळले. मी म्हणाले, "राहू द्या. त्याशिवाय कुणाला पटणार नाही." मी सही केली.

आज हे लिहिताना ती टोळी नाही, तो नाका नाही आणि सातही मूर्ती आपापल्या कोनाड्यात आहेत. म्हणून हे लिहिता येतं. त्या सोमवारी ह्यातलं काहीच दिसत नव्हतं.

दस्तगीर बाहेर आला. शिपायाने त्याला काय सांगितलं कोण जाणे, तो थेट माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"अण्णाच्या नावानं? अक्का, मी गेलो आसतो की बिदरला. मला काय हुतं?"

"तुला दोन लेकरं आहेत," आई लिंबाखालून उठत म्हणाली. "चल. ऊन व्हायलंय."

तिघं चालत निघालो. सोनकेरीच्या अलीकडे दोन वाटा फुटतात. एक ओढ्यावरून मागच्या अंगाने आमच्या घराकडे जाते, दुसरी चावडीसमोरून. जबाबाची बातमी आमच्या आधी पोचली होती. चावडीच्या पायऱ्यांवर माणसं जमलेली लांबूनच दिसत होती, मध्ये निंगप्पा पाटील. दस्तगीर ओढ्याच्या वाटेकडे वळला.

"तिकडून कामून?" आई म्हणाली. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि चावडीच्या वाटेने पुढे झाली. आम्ही दोघं तिच्या मागून गेलो.